आबांची तहान

आबांच्या घरात पाणी मागायची मला भीती वाटायची. खोटं नाही सांगत. जळगावातला एप्रिल महिना, दुपारी शाळेतून स्कूटीवर यावं, तोंड भाजून निघालेलं, ओढणीच्या आत घामाचं मीठ झालेलं, आणि जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या घरमालकाने विचारावं, "तहान लागली का? खरी?" आता तहान खरी आणि खोटी अशी दोन जातींची असते हे मला आमच्या गावी, चोपड्याला, कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणायचे, "लागली, आबा." मग ते डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघायचे आणि खात्री पटली की आत हाक मारायचे, "अगं, मास्तरीणबाई आल्या. पाणी आण. लागलीये तिला."

खालचं घर त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, वरची खोली नि स्वयंपाकघर माझ्याकडे भाड्याने. पोरबाळ नव्हतं त्यांना. आबांचं सगळं आयुष्य एका जिनिंगमध्ये कापूस तपासण्यात गेलं होतं. गाडी आली की मूठ खुपसून बघायचं, कापूस किती ओला आहे. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्यांशी त्यांनी तिथे जन्मभर भांडणं केली, आणि रिटायर झाल्यावर हात मोकळे झाले म्हणून माणसांवर पाणी मारणाऱ्यांशी सुरू केली. मी तेव्हा असंच समजत होते. म्हातारा चक्रम आहे, बाकी काही नाही.

माझे वडील पहिल्यांदा मला भेटायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या भावकीत अजून निघते. भर दुपारी स्टँडवरून रिक्षाने आले. मी शाळेत. आबांनी त्यांना कूलरसमोर बसवलं, तोंड पुसायला पंचा दिला, आणि विचारलं, "तहान लागली आहे का?" आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. "नको नको, असू द्या." असंच म्हणायचं असतं. मग समोरच्याने "असं कसं, उन्हातून आलात" म्हणत तांब्या पुढे करायचा असतो. आबा म्हणाले, "बरं." आणि केळीच्या भावावर बोलायला लागले. मी येईपर्यंत वडील तिथे कोरड्या घशाने केळीचा भाव ऐकत बसले होते. वर आल्या आल्या माठावर तुटून पडले. पिऊन झाल्यावर दम घेत म्हणाले, "काय माणूस आहे गं हा! नको म्हटलं म्हणून काय देतच नाही?"

मी खाली जाऊन आबांना झापलं. झापायला मला कुणी शिकवावं लागत नाही. तर हे शांतपणे म्हणतात, "मी विचारलं. ते नको म्हणाले. मग मी काय बळंच ओतू त्यांच्या तोंडात?"

त्याच वर्षी मला मुतखडा झाला. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही झाला त्यांना सांगून कळणार नाही. फरशीवर गडाबडा लोळले मी. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या, आणि मी त्या दुखण्याला इतकी घाबरले होते की मोठ्ठी बाटलीच आणली. त्या बाटलीवर आडव्या रेघा मारून वेळा छापलेल्या असतात बघा, सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत. आबांनी ती हातात घेऊन चष्मा लावून वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "मास्तरीणबाई, तुम्ही दोन रेघा लेट आहात," म्हणाले. "पुढचं स्टेशन चुकणार तुमचं."

"आबा, चेष्टा नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुणाला?"

"मला."

"कशासाठी?"

"खडा पडावा म्हणून. परत होऊ नये म्हणून."

"मग पी," ते एकदम गंभीर झाले. "तुला सांगितलंय, तू पी. चुकवू नको. पण ते तुझं तुझ्यापाशी ठेव. कॉलनीभर वाटत फिरू नको."

आता मी शाळेत शिकवते, वाटत फिरणं हाच माझा धंदा. आमच्या शाळेत नवीनच पाण्याची घंटा सुरू झाली होती. घंटा झाली की सगळ्या पोरांनी बाटल्या काढून प्यायचं, बाईंनी लक्ष ठेवायचं. आबांना सांगितलं तर ते खुर्चीत पुढे सरकले. "घंटा झाली की तहान लागते? बठ्ठा येडा व्हई गयात!" चिडले की ते आपोआप आपल्या गावच्या बोलीवर जायचे. मग पुन्हा माझ्यासाठी शुद्ध मराठीत यायचे. "वेडे झालेत सगळे. आणि आठ ग्लास, आठ ग्लास म्हणतात, तो ग्लास कुणाचा? लग्नात देतात तो टीचभर का माझ्या आजोबांचा पितळी पेला? आणि त्यात वरण धरलं का? ताक धरलं का? कलिंगड खाल्लं ते कुठे गेलं? शेतात राबणारा गडी आणि एसीत बसणारा साहेब, दोघांना आठच?"

"आबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढलाच, "उन्हात पोरं चक्कर येऊन पडतात. तुमच्या नादाने एखादं गेलं तर तुम्ही भरून देणार आहात?"

 ते पंच्याशी चाळा करायला लागले. "उन्हात पाजावंच," म्हणाले. "मी कुठे नको म्हणतो? मी फक्त विचारतो. कुणाला, कशासाठी, किती. एवढंसुद्धा कुणी विचारू देत नाही."

सकाळी फिरायला जाणारे शेजारचे नाना तर त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक होतं. नाना पहाटे उठून तांब्या तांब्या कोमट पाणी प्यायचे आणि ते फाटकाबाहेर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे. आबा ताडकन उठून फाटकाशी जायचे आणि नानांना तिथेच अडवून वाद घालायचे. नानांना आत कधी येऊ द्यायचे नाहीत. मला वाटायचं, केवढा हा हेका! पाण्यावरून कुणी शेजाऱ्याशी वाकडं घेतं का?

कळलं ते कैऱ्यांमुळे. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला अडकित्ता हवा होता म्हणून मी एका रविवारी न सांगता खाली उतरले. दार लोटलेलं होतं. आत आबा आणि अक्का जमिनीवर समोरासमोर बसलेले, मध्ये एक तांब्याचा तांब्या, त्यावर ताटली, आणि शेजारी दोन फुलपात्रं. आबांनी एका फुलपात्रात घोटभर पाणी ओतलं नि अक्कांना दिलं. अक्कांनी तो घोट तोंडात धरून ठेवला, या गालातून त्या गालात फिरवला, डोळे मिटले आणि मग गिळला. तो गेलेला बघितल्यावर आबांनी दुसऱ्या फुलपात्रात तेवढंच ओतलं आणि स्वतः प्यायले. पुन्हा ताटली झाकली.

अक्कांना मी दिसले. त्या लाजल्या. "बघ ना वं," म्हणाल्या, "मले डॉक्टरनं मोजून दिलं, तं हे बी मोजून पेतात. मी म्हणते तुम्ही प्या ना पोटभर, तुमाले काय झालं? तं आयकतच नाही."

अक्कांचं हृदय कमजोर झालं होतं. पाणी जास्त झालं की पाय सुजायचे, आणि पायांवरून वर चढत छातीत साचायचं. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी बांधून दिलं होतं, चहा, वरण, ताक सगळं त्यात धरून. आणि गोळ्या अशा की तोंडाला सारखी कोरड. त्यात जळगावचा उन्हाळा, कूलरचं पाणी तासाभरात आटतं असा. त्या दिवशी आबा मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "कमी पडलं तर वाळेल ती. जास्त झालं तर आतल्या आत बुडेल. मधली रेघ कुठे आहे ते मला दिसत नाही, मास्तरीणबाई. तुझ्या बाटलीवर आहेत तशा रेघा असत्या तर बरं झालं असतं."

"पण तुम्ही नानांशी का भांडता?"

"जो येतो तो तिला म्हणतो, पाणी पीत जा भरपूर. चांगल्या मनाने म्हणतो. ती आधीच तहानलेली. तिचा धीर सुटतो. म्हणून मी फाटकातच भांडून घेतो, म्हणजे ते बोलणं घरात शिरत नाही."

त्या दिवसापासून मी त्यांना चक्रम म्हणणं सोडलं. आणि त्या दिवसापासून माझ्याही जिवाला घोर लागला, कारण ते जे म्हणत होते ते रोज होत होतं. भाजीवाली म्हणायची, गॅसवाला म्हणायचा, माझ्याच फोनवर रोज कुणीतरी पाठवायचं, भरपूर पाणी प्या.

पुढच्याच आठवड्यात आबा लाइट बिलाची तक्रार घेऊन ऑफिसात गेले होते आणि अक्कांची बहीण यावलहून आली. आजाऱ्याला बघायला म्हणून पिशवीभर शहाळी घेऊन. फाटकावर भांडायला कुणी नव्हतं. मी शाळेतून आले तेव्हा अक्का पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि इतक्या खुशीत होत्या की मला आधी बरंच वाटलं. "आज पोटभर पेली वं पोरी," म्हणाल्या. "किती महिन्यांनी!" मग मला पलंगाखाली ती कापलेली शहाळी दिसली. एकावर एक. बाजूला रिकामा तांब्या. 

बहीण माझ्याकडे बघून फणकारली, "मायबाई, बहिणीले माह्या पान्यासाठी तरसवतो! असा कुठं नवरा असते का? ती नको नको म्हणे, म्या म्हटलं गप पी."

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. ऊन उतरायच्या आत अक्कांना आडवं होता येईना. श्वास घ्यायला त्या पुढे वाकल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. छातीतून गुडगुड असा आवाज यायला लागला. आवाज मोठा नव्हता, पण खोलीत दुसरं काही ऐकूच येईना. "ऊन लागलं वं माय!" बहीण ओरडली आणि धावत जाऊन तांब्या भरून आणला. मी तिचा हात धरला तर तिने मला ढकललं आणि तांब्या अक्कांच्या ओठांना लावला.

तेवढ्यात दारात आबा. त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. सरळ आले आणि हाताच्या फटक्याने तो तांब्या उडवला. पाणी भिंतीवर, पलंगावर, अक्कांच्या अंगावर. "पानी नको! पानी नको!" ते ओरडत होते. "मरी जाई ती! मरी जाई!" आरडाओरड्याने कॉलनी फाटकात जमलेली. त्यांना दिसलं एवढंच, की बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि नवऱ्याने तिच्या तोंडचं पाणी उडवलं.

रिक्षात अक्का मधे, मी एका बाजूला, आबा दुसऱ्या बाजूला. ती गुडगुड मी रस्ताभर ऐकली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता थांबली.  दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, आणि बऱ्याच वेळाने नर्सने सांगितलं, लघवी सुटली, धोका टळला. मग बाकावर आबांनी माझा हात घट्ट धरला.  "माले भ्याव लागस, बेटा," म्हणाले. मास्तरीणबाईची मी बेटा झाले ती तेव्हा.  मी पण तेवढीच घाबरलेली.

त्यानंतर कॉलनीत त्यांना पाणी तोडणारा म्हातारा असं नाव पडलं. नाना तर बघून मान फिरवायचे. आबांनी कुणालाही खुलासा केला नाही. मी करायला निघाले तर मला अडवलं. "म्हणू दे," म्हणाले. "भिऊन का होईना, आता तिला पाणी द्यायला कुणी येणार नाही."

अक्का त्यानंतरही दोन उन्हाळे जगल्या. गेल्या त्या थंडीत, सकाळी, आबांच्या खांद्याला टेकून बसल्या असताना. छातीत गुडगुड नव्हती. आबांनी मला ते दोनदोनदा सांगितलं, "आवाज नव्हता हं. कोरडी होती छाती." नंतर मला धुळ्याला चांगली नोकरी लागली आणि मी ती खोली सोडली.

या मे महिन्यात एका लग्नासाठी जळगावला गेले, तेव्हा म्हटलं आबांना भेटून यावं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वरचे भाडेकरू नवरा-बायको दोघं कामावर. खालचं दार उघडं. कूलर चालू होता, पण त्यात पाण्याचा थेंब नव्हता, नुसती भट्टीची हवा फेकत होता. आबा त्यासमोर खुर्चीत. जवळच्या स्टुलावर तोच तांब्या, ताटली झाकलेली, आणि दोन फुलपात्रं. ताटलीवर धूळ बसलेली.

"आबा, मी आले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यावलची का तू?" म्हणाले. "शहाळी आणली का?"

 जवळ जाऊन बघितलं तर ओठांना चिरा पडलेल्या, जीभ पांढरी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. "आबा, पाणी कधी प्यायलात?"

"तहान नाही लागली."

"कधीपासून?"

ते विचार करायला लागले. विचार करता करता त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दवाखान्यातल्या त्या बाकावर एकदाच पाहिलं होतं. "लागतच नाही गं," म्हणाले. "मी वाट बघतो. आधी तिला लागायची, मग मला लागायची. आता येतच नाही."

मी तांब्या उचलला आणि तशीच उभी राहिले. पाजू? की नको पाजू? कानात ती गुडगुड. यांचंही हृदय तसंच असेल तर? माझ्याच हाताने? मी मराठी शिकवते हो, मला काय कळतं यातलं! खाली बसून त्यांचे पाय दाबून बघितले. सूज नव्हती. मग अक्कांच्या डॉक्टरांना फोन लावला. रडतच बोलले असेन. ते म्हणाले, "रडू नका. म्हातारपणी तहान मरते. त्यांच्या तहानेची वाट बघाल तर माणूस जाईल. मीठ-साखर घालून घोट घोट पाजा, एकदम नको, आणि ताबडतोब घेऊन या."

मी माठातलं पाणी घेतलं, मीठ-साखर घातली, फुलपात्र त्यांच्या ओठांशी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. "नको."

"असं कसं, आबा!"

"नको म्हटलं ना." आणि त्याही अवस्थेत त्यांनी डोळे बारीक केले. "तहान कुणाला आहे?"

मला वडील आठवले, कोरड्या घशाने केळीचा भाव ऐकणारे. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला आहे, आबा. उन्हातून आले."

"खरी?"

"खरी."

"मग पी."

मी समोर जमिनीवर बसले. पहिल्या फुलपात्रात घोटभर ओतलं, प्यायले. मग दुसऱ्या फुलपात्रात तेवढंच ओतून त्यांच्यापुढे ठेवलं आणि हात काढून घेतला. ते त्या फुलपात्राकडे बघत राहिले.  मग त्यांचा हात, सवयीचा, आपोआप पुढे आला. एक घोट मी, एक घोट ते. एक मी, एक ते. असं करत करत मी नानांना हाक मारली. ते गाडी घेऊन आले, फाटकाशी न थांबता थेट आत शिरले आणि त्यांनी आबांना उचललं. गाडीतही आमचं तेच चाललेलं. सलाइन लावताना डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघाली नसती.

आता मी धुळ्याहून फोन करते. मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, दिवेलागणीला. इतर कुणी तो फोन ऐकला तर त्याला वेडच वाटेल. स्टाफरूममध्ये हसतातच.

"आबा, मला तहान लागली."

"खरी?"

"खरी."

"मग पी."

मी घोट घेते आणि गिळत नाही. गालात धरून ठेवते, अक्का धरायच्या तसा, आणि फोन कानाला दाबून ऐकते. पलीकडून गटक असा आवाज आला की मग माझा घोट खाली उतरतो.

काल आवाज येईना. कूलरची घरघर ऐकू येत होती, रस्त्यावरून कुल्फीवाला गेला त्याची घंटा ऐकू आली, आबांचं काहीच नाही. माझं तोंड पाण्याने भरलेलं, हाक मारायची सोय नाही. थुंकायलाही मन धजेना, वाटलं मी सोडलं तर तेही सोडतील. डोळ्यांसमोर ती धूळ बसलेली ताटली. शिपाई घंटा द्यायला उठला तरी मी तशीच उभी, गाल फुगवून, भिंतीला धरून.

मग आला. गटक.

मी गिळलं. खुर्ची ओढून बसले.

"गेली का तुझी तहान?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा," म्हटलं. "अजून एक घोट घेऊ."